एकाच सुपातलं बी, दोन रंगांचे घट

बार्शी तालुक्यातल्या एका गावात दोन भावांच्या घरांत नवरात्रातल्या घटावरून धुसफूस झाली, त्या प्रकरणाची ही नोंद. वरवर पाहता वाद बायकाबायकांतला होता. पण त्याच्या आड पेरणीचा प्रश्न दडलेला होता: कोठीत ठेवलेला हरभरा बियाण्याला धरायचा की बाजार दाखवायचा. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, धाकटा भाऊ माझा जुना विद्यार्थी, म्हणून हे माझ्यापर्यंत आलं.

थोरला भाऊ जुन्या वाड्यात राहतो. माळवदाचं घर, हातभर जाडीच्या भिंती, देवघर माजघरात. माजघराला खिडकी नाही. उजेड येतो तो ओसरीच्या दारातून वळून आणि साण्यातून, म्हणजे माळवदाला ठेवलेल्या भोकातून; पाऊस अजून सरला नव्हता म्हणून त्या साण्यावर पत्रा झाकलेला होता. दिवसाही देवघरात शिरल्यावर डोळे स्थिरावायला जरा वेळ लागतो. धाकट्यानं वाड्याच्या मागंच स्लॅबचं घर बांधलंय. त्याचा देव्हारा हॉलमध्ये, पूर्वेच्या सरकत्या काचेच्या खिडकीला लागून. सकाळी तासभर कोवळं ऊन थेट देव्हाऱ्यावर येतं, बाकी दिवसभर नुसता उजेड.

दोघांचे घट वेगळे बसतात, पण सामान एकच. सासूबाईंनी गहू, शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, हरभरा, मूग आणि करडई एका सुपात कालवून दोघी सुनांना ओंजळ ओंजळ वाटून दिलं होतं. वावरी, म्हणजे घटाची माती, एकाच रानातली, ओढ्याच्या कडेच्या काळ्या पट्टीतली. घटही एकाच कुंभाराकडून आणलेले. पत्रावळीवर वावरी पसरायची, मधे घट ठेवून त्यात पाणी भरायचं, भोवती धान पेरायचं, घट झिरपत राहतो आणि माती ओली राहते. शेजारी अखंड दिवा. दोन्हीकडं रीत तंतोतंत सारखी.

पाचव्या-सहाव्या माळेला फरक डोळ्यांत भरायला लागला. वाड्यातलं धान वीतभर उंच, पिवळंधमक, घटाच्या गळ्याच्या वर गेलेलं. स्लॅबच्या घरातलं जेमतेम चार बोटं, पण हिरवंगार. आता एरवी कुणी सांगेल की हिरवं ते जोमदार आणि पिवळं ते रोगट. घटाच्या बाबतीत मात्र त्या घरात हिशोब उलटा होता. थोरली जाऊ आल्यागेल्याला सांगत होती, "आमच्या घटाला सोनं आलंय, बघा." आणि धाकटीचा घट खुरटला म्हणून आळीभर झालं होतं. त्यातून तर्क निघाले. धाकटीच्या ओंजळीत किडकं बी गेलं असेल. ती घटात बोअरचं पाणी घालते, वाड्यात विहिरीचं घालतात, बोअरच्या पाण्यातला क्षार बाधला असेल. एका चुलतीनं सोवळ्याओवळ्याचा विषय काढला, तो मी इथं सोडून देतो.

धाकट्याला चिंता बियाची होती. सुपातला हरभरा त्याच्याच कोठीतला. सहा एकरांवर तोच पेरायचा बेत होता. "सर, घटात असं खुरटत असलं तर रानात काय दिवा लावणार?" त्याचा प्रश्न.

घट नऊ दिवस हलवायचा नसतो. त्यामुळं सगळ्यांत सरळ प्रयोग, म्हणजे दोन्ही घटांची अदलाबदल, तो बादच झाला. मग जागेवर बसून नीट बघणं आणि घटाबाहेर वेगळी पेरणी करणं, एवढंच हातात होतं.

बघण्यातून बरंच कळलं. वाड्यातल्या घटाचं धान लांबून एकसारखं पिवळं दिसत होतं, पण बॅटरी लावून जवळून पाहिल्यावर त्यात पट्टे दिसले. दिव्याच्या बाजूचा गहू थोडा बुटका होता आणि त्याच्या पिवळ्यात हिरवट झाक होती. तिथली पाती दिव्याकडं झुकलेली. घटाच्या मागं, जिथं घटाची स्वतःची सावली पडते, तिथलं धान सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत फिकं. तिथं गव्हाची पाती अरुंद, मऊ, दोऱ्यासारखी लोंबणारी, आणि सकाळी प्रत्येक टोकावर पाण्याचा थेंब. एकाच पत्रावळीत, एकाच ओंजळीतल्या बियांत, हातभर अंतरावर हा फरक. बी किंवा पाणी वाईट असतं तर ते पत्रावळभर वाईट असतं. दिव्याची बाजू बघून नसतं. माझा कल इथंच ठरला.

धान्याधान्यांत फरक होता तोही बघण्यासारखा. हरभऱ्याचा कोंब पांढुरका, सुतळीसारखा लांब, शेंड्याला खाली वाकलेला आकडा, आणि पानांच्या जागी मिटलेले बारीक खवले. हरभऱ्याची डाळ्यांची जोडी मातीतच राहते, वर येतो तो फक्त कोंब. मुगाचं तसं नाही, तो आपली डाळ डोक्यावर घेऊन वर येतो; इथं त्याचं पांढरं देठ इतकं लांबलं होतं की डोक्यावरचं ओझं न पेलून बरेच मूग आडवे झाले होते. करडईची दोन दळं मिटलेलीच. शाळूचं पातं फिकट पिवळं, बूड पांढरं. धाकटीच्या घटातल्या शाळूच्या बुडाला मात्र छान तांबूस छटा होती. तो रंग उजेड लागल्याशिवाय धरत नाही. तिच्या मुगाची पहिली दोन पानं तळहातासारखी उघडलेली, हरभऱ्याला कातरलेली पानं फुटलेली. बुटकं होतं, पण सगळं जिथल्या तिथं होतं.

मोबाइलमधल्या, उजेड लक्समध्ये मोजणाऱ्या ॲपवर फार विश्वास ठेवू नये, पण अंदाज कळतो. दुपारी बारा वाजता अंगणात उघड्या उन्हात लाखाच्या घरात लक्स असतात. धाकटीच्या देव्हाऱ्यापाशी ऊन सरल्यावर हजार-दीड हजार. वाड्यातल्या घटापाशी दिव्याच्या बाजूला दोन आकडी, आणि घटाच्या मागं आकडा जवळजवळ शून्याला टेकलेला. माणसाचा डोळा या फरकाला फसतो. तो अंधाराशी जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं, आहे की उजेड.

पाण्याची शंका मिटवायला चहाचे कागदी कप घेतले. बुडाला भोक पाडून तीच वावरी भरली, सुपात उरलेलं तेच धान पेरलं. निम्म्या कपांना विहिरीचं पाणी, निम्म्यांना बोअरचं. मग दोन्ही पाण्यांचे कप दोन्ही घरांत ठेवले आणि एक जोडी रिकाम्या पत्र्याच्या कोठीत झाकण लावून. कपांना सोवळं नसतं, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती. थोरल्या जाऊनं फक्त ते देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितलं. दसऱ्यानंतर पाहिलं तर पाण्यानं फरक पडलेला दिसला नाही. खिडकीतले दोन्ही कप हिरवे नि बुटके, माजघरातले दोन्ही पिवळे नि लांब, कोठीतले दोन्ही त्याहून फिके, त्याहून लांब, आणि लोळलेले. बोअरचं पाणी फारच खारं असेल तर ते उगवणीला बाधू शकतं, ते नाकारत नाही. इथलं पाणी त्या प्रतीचं नव्हतं.

आता हे असं का होतं.

रानात पेरलेलं प्रत्येक बी आपला पहिला प्रवास अंधारातच करतं. हरभरा दोन-अडीच इंच खोल पडतो. शाळूही ओल धरण्यासाठी खोलच टाकतात. मातीच्या पोटात पानं उघडून उपयोग नाही, ती फाटतील. देठ जाड करण्यात शक्ती घालवूनही उपयोग नाही. तिथं एकच काम शहाणपणाचं: वर सरकायचं, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. म्हणून अंधारात कोंब लांबतो, शेंडा आकड्यासारखा वाकवून आतला नाजूक भाग वाचवतो आणि माती ढकलतो; पानं मिटून ठेवतो, हरितद्रव्य बनवत नाही. गहू-शाळूसारख्यांना आकडा नसतो, त्यांच्या शेंड्याला टोकदार म्यान असतं. जमिनीबाहेर उजेड लागला की हे सगळं काही तासांत उलटतं. लांबणं थांबतं, आकडा सरळ होतो, पानं उघडतात, हिरवी होतात.

वाड्यातलं धान या अर्थानं अजून जमिनीखालीच होतं. ते मातीच्या वर आलं, पण वर आल्याची खबर त्याला पुरेशी मिळालीच नाही. मग ते लांबतच राहिलं. थोरल्या जाऊला जी वाढ वाटली ती उजेडाचा शोध होता.

हा खर्च कुठून झाला ते महत्त्वाचं. बियात आईनं बांधून दिलेली शिदोरी असते, पिठाची नाहीतर डाळीची, आणि पानं हिरवी होऊन स्वतः कमवायला लागेपर्यंत रोपाला तेवढ्यावरच भागवायचं असतं. गव्हाचा दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा. शाळूचा त्याहून थोडा कमी. देशी हरभऱ्याचा दाणा दोनशेच्या आसपास. म्हणून वाड्यातल्या घटात मूग लोळले, गव्हाची पाती लोंबायला लागली, तरी हरभरा नवव्या दिवशीही उभा होता. त्याच्याकडं शिल्लक जास्त होती, इतकंच. अंधारात कमाई शून्य आणि श्वसन चालूच, त्यामुळं रोप जितकं उंच होतं तितकं आतून रितं होतं. उंची येते ती मुख्यतः पेशी ताणल्या गेल्यानं. नव्या पेशी त्या मानानं थोड्याच पडतात, भिंती पातळ राहतात, आत भरलेलं असतं पाणी.

कोंबाला अंधार कळतो कसा, याचं उत्तर शोधायला विज्ञानाला बराच काळ लागला, आणि त्या शोधात अशीच पिवळी रोपं कामाला आली. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली वनस्पतींच्या हालचालींवर पुस्तक छापलं. त्यात गवताच्या कोंबांवरचे प्रयोग आहेत: कोंबाच्या शेंड्यावर टोपी घातली तर तो उजेडाकडं वळत नाही, खालचा भाग झाकला तर वळतो. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतं खालचं. त्यांना यासाठी लहानसा दिवाही पुरला होता. वाड्यातल्या नंदादीपाकडं झुकलेला गहू हेच करत होता, त्यामुळं त्यात चमत्कार शोधण्याची गरज नाही आणि ते खोटं ठरवण्याचीही नाही. कोंब दिव्याला नमतो हे खरंच आहे.

दुसरा धागा अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलचा, तिथल्या सरकारी शेती संशोधन केंद्राचा. 1952 मध्ये तिथं लेट्यूसच्या बियांवर दिसून आलं की तांबड्या उजेडानं बी उगवतं आणि लगेच त्यापलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा उजेड दिला तर तो हुकूम रद्द होतो. चालू-बंद करणारं काहीतरी रंगद्रव्य वनस्पतीत असणार हे उघड झालं, पण ते धरायचं कसं? हिरव्या पानात हरितद्रव्य सगळं झाकून टाकतं. मग 1959 मध्ये त्याच केंद्रातल्या मंडळींनी मका अंधारात उगवला आणि त्या फिक्या कोंबांत ते रंगद्रव्य यंत्रावर पकडलं. त्यालाच आज फायटोक्रोम म्हणतात. उजेड असला की फायटोक्रोम लांबण्याला लगाम घालतं. अंधारात तो लगाम सुटतो आणि जिबरेलिन, ब्रासिनोस्टेरॉइड असली संप्रेरकं कोंब ताणत राहतात. ब्रासिनोस्टेरॉइडचं काम कळलं तेही उलट्या बाजूनं. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपाचा एक बिघडलेला वाण अंधारातही बुटका राहून पानं उघडायचा, जणू उन्हातच आहे. त्याला हे संप्रेरक बनवता येत नाही, असं 1996 मध्ये दाखवलं गेलं.

आणि पिवळा रंग? तो अंधारात तयार होत नाही, तो असतोच. पानात हिरव्या रंगाच्या जोडीला पिवळी कॅरोटिनॉइडं असतात, एरवी ती झाकलेली राहतात. अंधारातल्या रोपात हरितद्रव्य शेवटच्या पायरीच्या अलीकडं अडून बसलेलं असतं. ती पायरी चढवणारं विकर उजेड पडल्याखेरीज कामच करत नाही. फुलझाडांच्या सगळ्या गोतावळ्याला हा नियम लागू आहे. चीड-देवदाराच्या कुळात मात्र उजेडाविना चालणारं दुसरंही विकर आहे, त्यामुळं चिडाचं रोप अंधारातही हिरवं होतं. घटात चिलगोजे पेरले असते तर हा वादच झाला नसता. असो.

इथं एक बारकावा आहे आणि वर्गातही पोरं त्याच्यावरच घसरतात. रोपाला उजेड दोन कारणांसाठी लागतो. एक खबर म्हणून, दुसरा अन्न म्हणून. खबरीला फार थोडा पुरतो. दिव्याच्या बाजूच्या गव्हावर जी हिरवट झाक आली आणि जो बुटकेपणा आला, तो या खबरीचा परिणाम. पण तेवढ्या उजेडात प्रकाशसंश्लेषणातून जे मिळतं ते श्वसनात जाणाऱ्यापेक्षा फार कमी. म्हणजे ती हिरवट पाती दिसायला सुधारलेली असली तरी उपाशीच होती. घरातल्या कुंड्यांचंही नेमकं हेच होतं. कोपऱ्यातलं झाड हिरवं आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि ते दोन पानांमधलं अंतर वाढवत, वाळत वाळत जातं.

दसऱ्याला घट उठवले. वाड्यातलं धान आधी देवाला, मग पुरुषांच्या टोप्यांत, बायकांच्या केसांत. माझ्याही टोपीत थोरल्या जाऊनं पिवळी जुडी खोवली. दिसायला ती खरोखर देखणी असते, हिरव्या धानाला ती शोभा नाही. याबाबतीत मी तिच्या पक्षात आहे.

उरलेल्या धानातून दोन गोष्टी करून घेतल्या. दोन्ही घटांतल्या गव्हाची सारख्याच संख्येची रोपं मुळांसकट, दाण्याच्या उरलेल्या टरफलासकट उपटली, माती धुतली, कॉलेजच्या ओव्हनमध्ये खडखडीत वाळवली आणि प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली. सोबत तेवढेच न पेरलेले गहू, तेही वाळवून. हिरवी जुडी बियांच्या वजनाच्या आसपास भरली. पिवळी, जी दुप्पट-तिप्पट उंच होती, ती बियांपेक्षा उघड हलकी. मी काट्याचा फोटो थोरल्या भावाला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे नुसतीच काडी वाढली म्हणा की."

दुसरं, वाड्यातल्या पत्रावळीचा एक तुकडा मातीसकट अंगणात ठेवला. पहिला दिवस तुळशीच्या सावलीत, थेट उन्हात नाही. अंधारातल्या रोपात हरितद्रव्याचा अर्धवट कच्चा माल साठलेला असतो; त्यावर एकदम दुपारचं ऊन पडलं तर तो ऊर्जा भलतीकडं सोडतो, पान आतून भाजतं आणि पांढरं पडतं. शेडनेटमधली रोपं एकदम रानात लावून बसलेल्यांनी हे पाहिलेलं असतं. सावलीत ठेवलेल्या तुकड्यातला गहू संध्याकाळपर्यंत पोपटी झाला, दुसऱ्या दिवशी हिरवा. हरभऱ्याचा आकडा सरळ झाला आणि खवल्यांची पानं झाली. पण जे देठ लांबून बसलं होतं ते काही आखडलं नाही. खाली वीतभर पांढुरकी बारीक काडी आणि वर नवी हिरवी पानं, असं विचित्र रोप तयार झालं, वाऱ्यानं वाकणारं. मूग उठलेच नाहीत. रंग परत येतो, बांधा येत नाही. भाजीपाल्याची रोपं घेताना मी लोकांना हेच सांगतो की रोपवाल्यानं शेवटचे दोन दिवस उन्हात ठेवून टोमॅटो-मिरचीचं रोप हिरवं केलेलं असू शकतं, तेव्हा रंग बघू नका, बुडाची जाडी आणि पेऱ्यांमधलं अंतर बघा.

राहिला हरभरा. घटाच्या उंचीवरून किंवा रंगावरून बियाची परीक्षा होत नाही, हे आता घरात सगळ्यांना पटलं होतं. मग घटावरून काहीच कळत नाही का? कळतं. घट ही जुन्या काळची उगवण चाचणीच आहे असं मला वाटतं. पेरणीच्या तोंडावर, आपल्याच रानातल्या मातीत, आपल्याच कोठीतलं बी टाकून बघायचं, यात शेतकऱ्याचं शहाणपण आहे. फक्त वाचायचं ते किती दाणे वर आले हे. किती उंच आणि कसल्या रंगाचे आले हे देवघराच्या खिडकीवर ठरतं. आणि मोजायचं असेल तर ओंजळभर मिश्र धान कामाचं नाही, कारण मुळात पेरले किती तेच माहीत नसतं.

म्हणून गोणपाटाची चाचणी केली. कृषी खात्याची माणसं दर हंगामात सोयाबीनसाठी जी करायला सांगतात तीच. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर न निवडता उचललेले 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. न निवडता हा शब्द महत्त्वाचा. धाकट्यानं पहिल्यांदा टपोरे दाणे वेचून घेतले होते, ते परत ओतायला लावले. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याला किमान 85 टक्के उगवण लागते, गव्हालाही तेवढीच. ज्वारी आणि मुगाला 75. त्याच्या हरभऱ्याची उगवण नव्वदच्या आसपास आली. आलेल्या कोंबांत वाकडे, मुळं न फुटलेले जे होते ते त्यात धरलेले नाहीत.

गुंडाळी उघडली तेव्हा सगळे कोंब पांढरेफटक होते. थोरली जाऊ बघायला आली होती. ती धाकटीला म्हणाली, "बघ, तुझ्या हरभऱ्यालापण अंधारात सोनं आलं असतं, खिडकी लावून घ्यायचीस की." दोघी हसल्या. मला वाटतं त्या घरातला वाद काट्याच्या फोटोपेक्षा या वाक्यानं जास्त मिटला.

हरभरा बीजप्रक्रिया करून पेरला. मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, मग नत्र धरणारे रायझोबियम जिवाणू. धाकट्यानं विचारलं की कोंब अंधारात एवढा लांबत असेल तर ओल खाली गेलेल्या टेकाडावरच्या पट्टीत अजून खोल पेरलं तर चालेल का. थोडं चालेल, हरभऱ्याच्या दाण्यात तेवढी ताकद असते, असं सांगितलं. मूग किंवा करडई असती तर नाही म्हटलं असतं. मातीखालचा प्रवास जितका लांब तितकी वर येईपर्यंत शिल्लक कमी. त्यानं त्या पट्टीत नेहमीपेक्षा बोटभर खोल पेरलं. तिथली उगवण बाकी रानापेक्षा दोन दिवस उशिरा झाली, पण ओळी भरल्या.

पुढच्या नवरात्रात धाकटी खिडकीला जाड पडदा लावणार आहे. तिला पिवळं धान हवंय. मी तिला एवढंच सांगितलंय की पडदा लाव, पण देव्हाऱ्यावरची एलईडीची निळी माळ नऊ दिवस बंद ठेव. निळ्या उजेडाला कोंब फार हळवे असतात, ती माळ रात्रभर चालू राहिली तर धान परत बुटकं येईल आणि तेही भलत्याच बाजूला झुकलेलं.